वाइनवर जुने मराठी सॉफ्टवेअर चालवताना: अक्षर नेमके कुठे बिघडते?

छापखान्यात उमेदवारी करत असताना तेथील विंडोज ९८ चा संगणक कायमचा बंद पडला आणि त्यावरचे डीटीपीचे (संगणकावर छपाईची पाने मांडण्याचे) सॉफ्टवेअर लिनक्सवर वाइनच्या आधाराने चालवण्याचे काम माझ्याकडे आले. १९९३ साली सुरू झालेला वाइन हा प्रकल्प काटेकोरपणे बोलायचे तर एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, नव्हे. विंडोजच्या प्रोग्रॅमला जे लागते ते तो लिनक्सकडून मिळवून देतो. मात्र विंडोजचे मूळ फॉन्ट त्याच्यासोबत येत नाहीत, आणि नवख्या माणसाची अडचण तेथूनच सुरू होते.

पहिलीच लग्नपत्रिका उघडली, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची रांग दिसली. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत. त्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये काना, वेलांटी, अर्धा त, रफार असे अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. तो फॉन्ट सापडला नाही की खालचे क्रमांक उघडे पडतात. वाइनच्या सी ड्राइव्हमधील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये मूळ फॉन्ट टाकून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि मजकूर परत आला. येथे फाइलचे नाव नव्हे, तर फॉन्टच्या आत नोंदवलेले नाव जुळावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

तरीही काही शब्दांतला रफार आणि काही अर्धी अक्षरे गायबच होती. मी दोन दिवस फॉन्ट काढून पुन्हा टाकत राहिलो, पण दोष फॉन्टचा नव्हताच. ते तुकडे १२८ च्या पुढच्या क्रमांकांवर होते आणि जुना प्रोग्रॅम ते क्रमांक कोडपेज १२५२ (कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारा विंडोजचा एक तक्ता) नुसार वाचले जातील असे धरून चालत होता. त्या कोडपेजमध्ये १४६ हा क्रमांक युनिकोडच्या ८२१७ वर जातो. कोडपेज बदलले की तो भलतीकडे जातो आणि फॉन्टला आपला तुकडा सापडत नाही. माझ्या लिनक्सची भाषा मराठी होती, आणि मराठीसाठी विंडोजचे असे जुने कोडपेजच नाही. केवळ त्या प्रोग्रॅमपुरती भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवून तो सुरू करताच ‘कार्य’मधला रफार जागेवर आला.

युनिकोड मजकुराची लक्षणे वेगळी असतात. रिकाम्या चौकटी दिसल्या तर देवनागरी फॉन्टच नाही असे समजावे. विंडोज २००० पासून आलेला मंगल हा फॉन्ट विनेट्रिक्स या वाइनच्या पूरक साधनातील कोअर फॉन्ट्स संचात मिळत नाही. त्याऐवजी लोहित किंवा नोटो देवनागरी बसवून वाइनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, मंगलला पर्याय म्हणून त्याची नोंद करता येते. चौकटी नाहीत, पण ‘राष्ट्र’ किंवा ‘वाऱ्यावर’ हे शब्द तुटून हलन्त वेगळा दिसतो, तेव्हा अक्षरे जोडणारी यंत्रणा तपासावी. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब करतो आणि वाइनने त्याची स्वतःची आवृत्ती लिहिलेली आहे. हे दोन शब्द मी प्रत्येक नव्या मांडणीत आधी टंकून पाहतो.

पर्यायी फॉन्टची अक्षरे कमी-जास्त रुंद असतात, त्यामुळे सगळे नीट दिसत असतानाही ओळी दुसरीकडे तुटतात, आणि पडद्यावर हे सहज निसटते. म्हणून छपाईच्या प्लेटसाठी फाइल देण्यापूर्वी एक प्रत काढावी, जुन्या छापील पत्रिकेवर ठेवून दोन्ही उजेडासमोर धराव्यात आणि प्रत्येक ओळीचे टोक जुळते का ते पाहावे.