टीव्हीवर चित्र येतं, आवाज मात्र येत नाही

कॉम्प्युटर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जातात. जुन्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं. तिथे स्पीकरसाठी हिरव्या जॅकमधून वेगळी ३.५ मिमीची वायर लागतेच.

केबल लावताच टीव्ही आपली माहिती कॉम्प्युटरला कळवतो: कोणतं रिझोल्यूशन चालेल, आवाज घेता येईल का. टीव्ही बंद असताना केबल लावली किंवा मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर असला, तर ही माहिती कधीकधी पोचतच नाही आणि आवाजाच्या यादीत टीव्हीचं नावच दिसत नाही. आधी टीव्ही चालू करा, योग्य एचडीएमआय इनपुट निवडा, मग केबल काढून पुन्हा लावा.

नाव दिसतंय, तरी आवाज नाही? विंडोज जुन्याच स्पीकरकडे आवाज पाठवत असेल. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा आणि आउटपुटमध्ये टीव्ही निवडा. बहुतेक वेळा काम इथेच होतं, ड्रायव्हरच्या (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागायची गरज पडत नाही.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष बहुधा टीव्हीचा. तो चित्र थोडं मोठं करून दाखवतो, म्हणून टास्कबार अर्धवट दिसतो. टीव्हीच्या पिक्चर मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा. ४के टीव्हीवर माउस अडखळत असेल तर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं ते, हर्ट्झमध्ये) पाहा: एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झलाच अडकतं, ६० साठी २.० लागतं.