एका दिवसात पायी मुंबई: निघण्यापूर्वीची तयारी

सगळ्यात आधी वार ठरवा. बूट, बाटली, टोपी हे सगळं नंतर. मुंबई पायी बघायला निघणारे बहुतेक जण सुट्टी म्हणून शनिवार-रविवार धरतात आणि नेमकी तेव्हाच निम्मी दारं बंद मिळतात. रविवारी मंगळदास मार्केट आणि झवेरी बाजार बंद, फोर्टातली ऑफिसं बंद, वर दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनास्थळात, बघायला येणाऱ्यांना घेत नाहीत. शुक्रवारी दुपारी मशिदींत जुम्म्याची नमाज. मी एकदा शनिवारी मशीद बंदरच्या सिनेगॉगच्या दारातून परत आले आहे. दारातल्या काकांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, ‘आज शब्बाथ आहे ताई, उद्या या.’ तेव्हापासून मंगळवार, बुधवार, गुरुवार यांतलाच एक दिवस मी धरते. त्यासाठी रजा टाकावी लागली तर टाकावी. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मे महिन्यात हा घाट घालू नका.

दुसरी तयारी म्हणजे नावं खोडण्याची. वांद्र्याची मोतमावली, हाजी अली, बाणगंगा, धारावी ही नावं यादीतून काढताना जिवावर येतं, पण काढा. त्यांना त्यांचा वेगळा दिवस द्या. या दिवसापुरती मुंबई म्हणजे गेटवेपासून गिरगाव चौपाटीपर्यंतची. गल्लीबोळ धरून नऊ-दहा किलोमीटर होतात आणि तेवढ्यात शहराचे इतके समाज भेटतात की डोकं भरून जातं. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी सीएसएमटीला उतरून सकाळी सातच्या आत टॅक्सीने किंवा बसने गेटवे गाठावं आणि तिथून उलटं चालत यावं. फोर्टच्या दगडी इमारती सकाळच्या उन्हात बघाव्यात, बाजार दुपारी, समुद्र संध्याकाळी.

आदल्या रात्री अर्धा तास नकाशा घेऊन बसा आणि एका कागदावर रस्त्यांची दोन्ही नावं लिहून काढा. पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई लिहिलेलं असतं, पण विचारताना लोक क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. शामळदास गांधी मार्ग कुणाला विचाराल तर तो क्षणभर थांबेल, प्रिन्सेस स्ट्रीट म्हटलं की लगेच हात दाखवेल. नकाशा बघताना एक गोष्ट डोक्यात पक्की करा: फोर्ट म्हणजे खरोखरचा कोट होता. १८६० च्या दशकात त्याच्या भिंती पाडल्या, वेशींची नावं मात्र राहिली. कोटातल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारी वेस ती चर्चगेट. हे चर्च १७१८ सालचं, हॉर्निमन सर्कलला लागून. ते बघून मग चर्चगेट स्टेशनची पाटी वाचली की रोजचं नाव वेगळंच ऐकू येतं. कोटाबाहेर मोकळं मैदान आणि त्यापलीकडे आपल्या लोकांची वस्ती, अशी ती रचना होती. म्हणून सीएसएमटीवरून क्रॉफर्ड मार्केटकडे निघालात की काही मिनिटांत रस्ते अरुंद होतात, बोली बदलते, वास बदलतो.

कपडे आणि पायताण दाराच्या हिशेबाने निवडा. गुडघे आणि खांदे झाकणारे सुती कपडे, आणि एक मोठा रुमाल किंवा ओढणी. सिनेगॉगमध्ये पुरुषांना डोकं झाकावं लागतं, मशिदीत आणि दर्ग्यात बायकांना ओढणी लागते, एकच कापड दिवसभर पुरतं. जैन देरासरात चामडं चालत नाही, म्हणून कापडी पट्टा आणि कापडी पाकीट. बूट चालायला सवयीचे हवेत, नवे मुळीच नकोत, आणि नाड्यांचे नकोत, कारण ते दिवसातून पाच-सहा वेळा काढावे लागतात. मोज्यांचा एक जादा जोड ठेवा, दुपारी देवळाच्या फरशीवर तळपाय भाजतात. सरकारी ओळखपत्र मूळचं घ्या. काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये, जे १८८४ साली बगदादी ज्यूंसाठी बांधलं गेलं, ते दाखवूनच आत जायचं असतं.

काही दारं आपल्यासाठी नसतात, हे घरातूनच ठरवून निघा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. क्रॉस मैदानाच्या कडेला १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आहे, तिथेही आत फक्त पारशीच जातात. बाहेर थांबा, पाटी वाचा, पुढे चला. हुज्जत घालू नका, कुंपणावरून फोन आत घालू नका. त्यांची उपासना आहे ती.

आता सामानात न मावणारी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: बोलायला सुरुवात मराठीत करा. आपण मराठी माणसंच मुंबईत पाऊल ठेवताक्षणी हिंदीवर जातो. मशीद बंदरच्या सॅम्युअल स्ट्रीटवरचं शार हारहामीम सिनेगॉग १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी स्थापन केलं. आडनाव बघा. हे बेने इस्रायली ज्यू, कोकणातून आलेले. गावाकडे त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्या थडग्यांवर हिब्रूच्या शेजारी मराठी कोरलेली असते. तिथून थोडं पुढे जुम्मा मशीद, १८०२ साली पुरी झालेली. ती उभारण्यात कोकणी मुसलमानांचा मोठा वाटा. मशिदीच्या पोटात जुनं तळं आहे. बघायचं असेल तर नमाजेच्या वेळा सोडून जावं आणि दारावर विचारूनच आत जावं, बायकांनी तर आधी विचारावंच. आणि गिरगावात खोताची वाडी, तिथले ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे इथलेच ख्रिस्ती, त्यांच्या घरची बोलीही मराठीच. तीन धर्म, तिन्हींच्या ओठी कोकण. इंग्रजीत किंवा हिंदीत विचारलं तर माहिती मिळते. मराठीत विचारलं की समोरचा आधी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारतो आणि मग पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. तो अर्धा तास वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

पाण्याबद्दल आणि स्वच्छतागृहाबद्दल उघड बोलायला हवं, कारण बायकांचा दिवस यावरच बिघडतो. तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या आत्याला घेऊन मी याच वाटेने निघाले होते. सकाळपासून बाटलीचं बूच तिने उघडलं नव्हतं. ‘अगं आत्या, पाणी घे की,’ म्हटलं तर म्हणाली, ‘नको गं, मग जायचं कुठे? इथे सोय आहे का काही?’ दुपारी दीडला भुलेश्वरात, फुलांच्या दुकानांसमोर तिला भोवळ आली. हार ओवणाऱ्या बाईने हातातली सुई खोचून ठेवली, आपलं स्टूल सरकवलं, ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं. आत्याच्या मनगटावर मोगऱ्याची एक पाकळी चिकटून राहिली होती. त्या दिवशी चालणं तिथेच संपलं. चूक माझी होती, तिला आधी सांगायला हवं होतं की कुठे कुठे थांबणार आहोत. आता मी थांब्यांची यादी करूनच निघते: गेटवेजवळ एक, सीएसएमटी स्टेशनवर एक, जेवायच्या ठिकाणी एक, गिरगावात एक. गरज वाटो न वाटो, प्रत्येक ठिकाणी जायचं. साबणाचे कागद, टिश्यू, सुट्टी नाणी वेगळ्या कप्प्यात. माणशी एक लिटरची बाटली, ओआरएसच्या दोन पुड्या, आणि पाणी घोटघोट पण सतत.

खाण्याची तयारी म्हणजे सकाळी घरून भरपेट न निघणं. गेटवेला कटिंग चहा, मग धोबी तलावला कयानीत बसून ब्रून मस्का आणि मावा केक. १९०४ सालापासूनचं हे इराणी हॉटेल, तिथल्या लाकडी खुर्चीत वीस मिनिटं पाय मोकळे सोडावेत. सीएसएमटीवरून तिथे जायला थोडी वाकडी वाट करावी लागते, ती करा. गिरगावात पोचल्यावर पणशीकरांकडे साबुदाणा वडा आणि पियूष. मधे भूक लागली तर खिशात चिक्की. फोनवर पैसे देता येतात हे खरं, पण दुपारी तीनला फोनची बॅटरी कुठे असेल सांगता येत नाही. दहा-वीसच्या नोटा मिळून पाचशे रुपये आणि पॉवर बँक सोबत हवी.

बाजारात शिरण्यापूर्वी पाठीवरची सॅक पुढे घ्या. मुंबादेवी ते भुलेश्वर या पट्ट्यात हमाल डोक्यावर गठ्ठे घेऊन धावत असतात, हातगाडीला मागून ढकलणाऱ्याला पुढचं दिसत नाही. ‘बाजू, बाजू’ ऐकू आलं की आधी भिंतीला लागायचं, मग वळून बघायचं. कानात इअरफोन अजिबात नको. फोटो काढायचा तर दुकानाच्या ओट्यावर चढून काढा, मधे उभं राहून नको. त्यांची रोजीरोटी त्या गतीवर आहे.

खोताच्या वाडीत याच्या उलट. तिथे शांतता आहे आणि ती राहत्या घरांची आहे. लाकडी व्हरांड्यात कुणी बसलेलं असेल तर आधी नमस्कार, मग फोटोची परवानगी. नाही म्हटलं तर कॅमेरा आत. लागूनच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत, १८९३ साली जिथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. क्रूस आणि गणपतीमधलं ते अंतर पायी चालून बघा, घड्याळ न लावता.

शेवटचं, तिकीट. सकाळी सीएसएमटीचं रिटर्न काढू नका, कारण संध्याकाळी तुम्ही पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोडला असाल. ठाणे-डोंबिवलीकडच्यांनी तिथून दादरमार्गे घरापर्यंतचं वेगळं तिकीट काढायचं. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो, म्हणजे पाऊण तास आधी चौपाटीवर पोचायला हवं. बूट-मोजे ठेवायला एक कापडी पिशवी आणि पाय पुसायला जुना पंचा सॅकच्या तळाशी टाका. आत्या दुसऱ्यांदा आली तेव्हा तो पंचा तिनेच आठवणीने भरला होता. वाळूत पाय पसरून बसली, बाटलीतलं उरलेलं पाणी सगळं प्यायली आणि म्हणाली, ‘आता उद्या बाणगंगा.’