घाटावर सीन शूट करताय? आधी आवाज सांभाळा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या घाटावर आम्ही सहा जणांनी कॉलेजसाठी दोन मिनिटांचा सीन फोनवर शूट केला. चित्र झकास आलं, संवाद मात्र वाऱ्यात आणि पुलावरच्या हॉर्नमध्ये वाहून गेले. नाट्यपंढरीत राहून ही गत!

आता आम्ही दुसरा फोन फ्लाइट मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवतो आणि त्याला जोडलेला साधा कॉलर माइक शर्टाला लावतो. माइकवर स्पंजची टोपी हवीच. दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. एडिटिंगला त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतो. निघण्यापूर्वी सगळ्यांनी गप्प बसून 30 सेकंद नुसता घाटाचा आवाज घ्या. दोन संवादांमधली पोकळी त्यानेच बुजते. (गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड.)

प्रत्येक टेकनंतर कपड्यांचा फोटो काढा, नाहीतर दुमडलेली बाही पुढच्या शॉटमध्ये खाली आलेली दिसते. आणि ‘कट’ कोण म्हणणार ते घरून ठरवून या. आमच्यात चौघं म्हणायचे.