स्नेक प्लांट लावताना या चुका टाळा

पाण्यावाचून वाळून मेलेले स्नेक प्लांट मी आजवर पाहिलेले नाही. पाणी घालून घालून कुजवलेली झाडे मात्र दर पावसाळ्यात कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येते. हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. जाड पानांत आणि मातीखालच्या कंदात ते पाणी साठवून ठेवते, त्यामुळे ‘दर सोमवारी एक तांब्या’ हा नेम त्याला मानवत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने ठाण्याच्या घरी हे झाड चिनी मातीच्या देखण्या कुंडीत लावले होते, जिच्या तळाला भोकच नव्हते. जुलैमध्ये पाने पिवळी पडू लागली, तेव्हा झाड तहानले असावे असे समजून तिने पाणी वाढवले. मी जाऊन एक पान हलकेच ओढले तर ते हातातच आले. बुडाशी तपकिरी लगदा झाला होता आणि त्याला कुजका वास येत होता. रोपवाटिकेतला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा आत जसाच्या तसा होता, पिळला तर पाणी गळेल इतका ओला. कंदाचा अंगठ्याएवढा निरोगी तुकडा तेवढा हाती लागला. तो चार दिवस सावलीत सुकवून मी कोरड्या रेतीत लावला आणि दोन आठवडे पाण्याचा थेंबही दिला नाही. कोंब दिसायला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत बहिणीने निदान दहा वेळा ते उकरून पाहण्याची परवानगी मागितली. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी निदान पाण्याच्या बाबतीत तरी हात आखडता घ्यावा.

नवे रोप आणले की मी मुळांभोवतीचे कोकोपीट झाडून टाकतो आणि निम्मी माती, निम्मी जाडसर रेती व विटांचा चुरा अशा मिश्रणात ते लावतो. कुंडी मातीचीच, मुळांच्या गड्ड्याहून जेमतेम दोन बोटे रुंद. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून ती कोरडी निघाली तरच पाणी देतो. पावसाळ्यात महिनाभर तशी वेळ येत नाही.

पिवळ्या काठाच्या जातीचे पान कापून लावू नका. त्यातून येणारी रोपे साधी हिरवी निघतात. काठ हवा असेल तर कंदासह फुटवा वेगळा करा.

पाने चकाकावीत म्हणून खोबरेल तेल लावू नये, ओले फडके पुरते.

अंधाऱ्या कोपऱ्यात झाड तगते, पण वाढत नाही.

हवा शुद्ध करण्यासाठी हे झाड घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की झाडे हवेतली घातक रसायने कमी करतात असे दाखवणारा नासाचा 1989 चा गाजलेला प्रयोग लहानशा बंदिस्त पेट्यांत झाला होता. घरात त्याहून अधिक काम उघडी खिडकी करते. मांजर किंवा कुत्रा पाळत असाल तर कुंडी उंचावर ठेवा, कारण पाने चघळल्यास त्यांना उलट्या होतात.