दुसरा हात मारण्याआधी आभाळ कसं बघायचं

घरांना बाहेरून रंग देण्याची कामं मी घेतो. ताजा हात वाळायला चार-पाच तासांची उघडीप लागते. ती मिळणार की नाही, एवढ्यापुरताच माझा हवामानाशी संबंध. एकदा अंदाजात पावसाची शक्यता ३० टक्के दिसली. पडला तर भुरभुर पडेल, असं धरून मी पश्चिमेची अख्खी भिंत उरकली. साडेतीनला सर आली आणि रंगाचे ओघळ जोत्यापर्यंत गेले. भिंत पुन्हा केली, पदरच्या पैशाने.

अंदाज चुकला नव्हता, मला तो वाचता आला नव्हता. ३० टक्के म्हणजे अशा दहा दिवसांतले साधारण तीन दिवस त्या ठिकाणी पाऊस होतो. किती होईल, किती वेळ पडेल, हे त्या आकड्यात नसतंच. त्यासाठी मिलिमीटर बघा. १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. शिवाय दिवसभराच्या एका आकड्यावर भिस्त ठेवू नका, तासांचा तक्ता उघडा. सकाळी ५ टक्के आणि चारनंतर ६० असतील, तर सकाळ आपली.

एवढं करूनही नेमकं उत्तर मिळत नाही. संगणक जमिनीचे चौकोन पाडून हिशोब करतो आणि दुपारचा एखादा गडगडाटी ढग त्या चौकोनाहून लहान निघतो. ‘तुरळक ठिकाणी सरी’ असं लिहितात ते त्यामुळे. तो ढग कुणाच्या डोक्यावर येणार, हे आपणच वर बघून ठरवायचं.

माझी सुरुवात स्टीलच्या पेल्याने होते. सावलीत पेला अर्धा भरायचा, साध्या पाण्याने. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायचा. मग बर्फाचा एकेक छोटा तुकडा टाकून चमच्याने ढवळत राहायचं, थर्मामीटर पाण्यातच. पेल्यावर वाकून श्वास सोडू नका, नाहीतर वाफ तुमचीच धरेल. एका क्षणी स्टीलची चकाकी जाते, बोट फिरवलं तर रेघ उमटते. त्या क्षणीचं तापमान म्हणजे दवबिंदू. अ‍ॅपमध्येही तो मिळतो, पण पेल्यावर बघितलं की ढग कसा होतो ते एकदाच कळतं आणि पुन्हा विसरत नाही.

कारण वर तेच घडतं, फक्त बर्फ नसतो. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगताना स्वतःच गार होते, किलोमीटरमागे जवळजवळ १० अंशांनी. तिचा दवबिंदूही उतरतो, पण जेमतेम २ अंशांनी. म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरमागे ८ अंशांनी मिटतं. ते संपलं की वाफ धूळ, धूर, मिठाचे कण अशा कशावर तरी धरते आणि ढग दिसू लागतो. ढगाचा तळ किती मीटरवर, याचा हिशोब सोपा आहे: हवेचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५. तापमान ३२ आणि दवबिंदू २० असेल, तर पुंजक्यांचा, म्हणजे कापसाच्या गोळ्यांसारख्या ढगांचा, तळ साधारण १५०० मीटरवर. २९ आणि २५ असेल, तर ५०० मीटरवरच. दुपारच्या पुंजक्यांचे तळ एका पातळीत सपाट का दिसतात, तेही यातच आलं. अंतर कमी निघालं की हवेत ओल बक्कळ आहे, मी त्या दिवशी लहान भिंत धरतो. सकाळच्या थराच्या ढगांना मात्र हा हिशोब लावू नका, ते जमिनीवरून तापून चढलेले नसतात.

अकराच्या सुमाराला परांचीवरून उतरून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. एकच पुंजका निवडा, शेजारच्या खांबाशी किंवा गच्चीच्या कडेशी त्याचं टोक जुळवा. रुंदी उंचीपेक्षा जास्त आणि कडा विरत चाललेल्या, तर काम चालू द्या. वर उबदार हवेचं झाकण असलं की पुंजके आडवे पसरतात. पण उंची रुंदीला मागे टाकायला लागली, डोकं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं फुगत राहिलं, तर नवा डबा उघडू नका. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता त्या हवेला आणखी वर रेटत असते. गड्ड्याच्या रेखीव कडा पुसट, पिंजल्यासारख्या झाल्या म्हणजे वर बर्फ तयार झाला. मग ताडपत्री शोधायची वेळ. अचानक गार वारा सुटला तर तीही वेळ गेली असं समजा: तो पडत्या पावसाने खाली ढकललेला वारा असतो.

रडारची चित्रंही बघतो, पण एकाच चित्रावरून काही कळत नाही. अर्ध्या तासाच्या अंतराची दोन बघा, डाग किती सरकला ते मोजा, तेवढंच पुढे धरा. तासाभरापुरतं चालतं. डोक्यावरच नवा ढग जन्मला तर तेही नाही.

गडगडाट ऐकू आला की मात्र हिशोब नाही करायचा. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत दर ३ सेकंदांना १ किलोमीटर, हे ठीक आहे, पण लोखंडी परांचीवर बसून सेकंद मोजण्यात शहाणपण नाही. पहिल्या आवाजाला खाली, आत, आणि शेवटच्या आवाजानंतर ३० मिनिटं आतच. मुकादम कितीही कटकट करू दे.

पावसाशिवायही एक घात होतो, नवखे त्यात हमखास सापडतात. आभाळ निरभ्र असलं की संध्याकाळी भिंत झपाट्याने गार होते आणि ताज्या रंगावर दव धरतं. सकाळी तिथे फिकट डाग. म्हणून रंग लावताना भिंत दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवी, आणि तो फरक वाळेपर्यंत टिकायला हवा. सकाळी पेल्यावर काढलेला आकडा मी पेन्सिलीने डब्याच्या झाकणावर लिहून ठेवतो. चारच्या सुमाराला भिंतीला थर्मामीटर टेकवतो. फरक ५ च्या खाली आला की ब्रश धुवायला घेतो.