डेफकॉन्फिग आटवणारी स्क्रिप्ट झटपट कशी करावी

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात लिनक्सवर चालणारा एक छोटा डबा बनतो. त्याच्या कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, डॉट-कॉन्फिग फाइल (कुठले पर्याय चालू, कुठले बंद याची यादी) सुमारे चार हजार ओळींची आहे. त्यातल्या बहुतेक ओळी आम्ही निवडलेल्या नाहीत. काही डिफॉल्टने येतात, काही दुसऱ्या पर्यायाच्या शेपटाला धरून येतात. आपण खरंच निवडलेल्या ओळी ठेवून बाकी उडवायच्या, यालाच मी आटवणं म्हणतो. जिच्यापासून पूर्ण डॉट-कॉन्फिग तयार होते ती मूळ फाइल म्हणजे डेफकॉन्फिग.

2010 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स एआरएम या प्रोसेसर-घराण्याच्या अशाच फुगलेल्या डेफकॉन्फिगवर वैतागले होते. तेव्हा कर्नलवर काम करणारे उवे क्लाइने-क्योनिग यांनी पायथनची साधी स्क्रिप्ट लिहिली. एक ओळ काढा, मेक डेफकॉन्फिग चालवा (ही आज्ञा डेफकॉन्फिगपासून पूर्ण डॉट-कॉन्फिग बनवते), निघालेली डॉट-कॉन्फिग आधीसारखीच असेल तर ओळ गेली, नाहीतर जागेवर परत. यातून जवळजवळ दोन लाख ओळी कमी झाल्या. त्याच वर्षी कर्नलमध्ये हेच काम करणारी सेव्हडेफकॉन्फिग ही आज्ञाही आली. तुमच्याकडे ती असेल तर हा लेख इथेच सोडा आणि ती चालवा. जुनी केकॉन्फिग, म्हणजे हे पर्याय हाताळणारी प्रणाली, घेऊन बसलेल्या प्रकल्पांत मात्र ती नसते, तिथे स्क्रिप्टच लागते.

आधी माप तपासा. एकही ओळ न काढता मेक दोनदा चालवा आणि दोन्ही निकाल ताडून पाहा. ते जुळले नाहीत तर स्क्रिप्टला एकही ओळ काढता येणार नाही. जुन्या कर्नलमध्ये फाइलच्या डोक्यावर तारीख-वेळ छापली जायची, म्हणून निकाल दर वेळी वेगळा यायचा. केकॉन्फिग_नोटाइमस्टॅम्प हे चल 1 केलं की ती थांबते. नव्या कर्नलमध्ये कंपायलरची आवृत्ती फाइलमध्ये उतरते. तेव्हा आर्च (कुठल्या प्रोसेसरसाठी) आणि क्रॉस_कंपाइल (कुठल्या कंपायलरने) ही चलं स्क्रिप्टमध्येच पक्के लिहून ठेवा.

मग तुलना. माझी ठेच इथलीच. हॅशने (#) सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे शेरे, असं समजून मी त्या गाळून, जुन्या फाइलीतल्या बाकी ओळी नव्या फाइलीत आहेत का एवढंच पाहत होतो. पण ‘अमुक इज नॉट सेट’ ही ओळ शेरा नसून निर्णय असतो! आमच्या डब्याला पडदाच नाही, म्हणून आभासी टर्मिनल बंद केलं होतं. त्याचं डिफॉल्ट ‘वाय’, म्हणजे चालू, त्यामुळे ओळ गेली आणि टर्मिनल गुपचूप परत आलं. स्क्रिप्ट म्हणे, सगळं जुळलं. ताडायची तर अख्खी फाइल ताडा.

आता वेग. एका मेकला तीन सेकंद धरले तर चार हजार ओळींना तीन तास वीस मिनिटं. तेवढ्यात ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाऊन, जेवून परत येता येईल. म्हणून एकेक ओळ न काढता गठ्ठा काढा. 64 ओळी एकदम उडवून पाहा. निकाल तोच राहिला तर 63 वेळा मेक वाचला. बिघडला तर गठ्ठा परत ठेवून त्याचा अर्धा, म्हणजे 32, मग 16, असं खाली या. एकाच ओळीवर येऊनही निकाल बिघडला, तर ती ओळ गरजेची. ठेवा आणि पुढे सरका. गठ्ठा यशस्वी झाला की पुढचा दुप्पट करा. फाइलचा कुठला भाग भुसा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, गठ्ठ्याचा आकार ते चाचपत जातो.

प्रत्येक यशानंतर फाइल तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल हाती येत नाही. मेकला ओ देऊन वेगळी निर्देशिका वापरा. कामाच्या डॉट-कॉन्फिगवर स्क्रिप्ट सोडू नका.

पहिली फेरी संपली की आटलेल्या फाइलवर दुसरी लावा. ओळी आता थोड्या असल्याने ती चहा होईतो उरकते. दुसऱ्या फेरीतही काही गळलं तर तिसरी लावा.

कर्नलची आवृत्ती बदलली की डिफॉल्टही बदलू शकतात. तेव्हा आटलेल्या फाइलसोबत जुनी पूर्ण डॉट-कॉन्फिगही जपून ठेवा. नव्या कर्नलवर फुलवलेली फाइल तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय डब्यात काही घालू नका.