अडचणीत देवाला हाक मारायची कशी
नोकरी गेली, घरात आजारपण, ईएमआय थकलेला, अशा वेळी सगळे म्हणतात देवाचं नाव घे, पण नक्की करायचं काय ते कोणी सांगत नाही, म्हणून मी काय करतो ते लिहितोय.

मुहूर्त, सोवळं, मोठी पूजा यात पडू नका. सकाळी दहा मिनिटं बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. माळेला १०८ मणी असतात, अंगठा आणि मधल्या बोटाने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, 'रामकृष्ण हरी' म्हणायचं, मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत उलटं सुरू करायचं. माळ नसेल तर बोटांच्या पेरांवर मोजा. मध्येच हप्ता आठवणारच, आठवू दे, पुढच्या मण्यावर या.

मग बोला त्याच्याशी, साध्या मराठीत, राग आला असेल तर रागाने. तुकोबांची पहिली बायको १६३० च्या आसपासच्या दुष्काळात गेली, धंदा बुडाला, ते देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसायचे आणि विठ्ठलाशी चक्क भांडायचे, मग आपण कशाला लाजायचं. नवस मात्र शक्यतो नको, ते अजून एक कर्ज होऊन बसतं (माझे अकरा नारळ अजून बाकी आहेत).

आणि हो, डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, बँकेत जाऊन बोलायचं पण असतंच. जप झाला की चहा टाका आणि सगळ्यात नकोसा वाटणारा फोन आधी करून टाका.